आवाज साठवला, पण सापडणार कसा? खिशातल्या ध्वनिमुद्रकाचा इतिहास (दीर्घ थ्रेड)

१/ ब्रॅम स्टोकरची 'ड्रॅक्युला' ही कादंबरी १८९७ साली प्रसिद्ध झाली. तिच्यातील डॉ. सेवर्ड आपली रोजनिशी कागदावर लिहीत नाही. फोनोग्राफसमोर बोलून ती मेणाच्या दंडगोलांवर नोंदवतो. मीना हार्कर त्या रोजनिशीविषयी विचारू लागते, तेव्हा त्याच्या ध्यानात येते की आपण महिनोन्महिने बोलत राहिलो, पण त्यातला हवा तो भाग पुन्हा शोधायचा कसा, याचा विचार कधी केलाच नाही.

२/ अखेर मीनाच टाइपरायटरवर ते सारे उतरवून काढते आणि इतर नोंदींसह कालानुक्रमे लावते. कादंबरीतील पिशाच बाजूला ठेवले, तरी हा प्रसंग तंत्रज्ञानाच्या इतिहासात महत्त्वाचा आहे. आवाज साठवणे एक, आणि साठवलेल्या आवाजातून हवे ते काढणे दुसरे. पहिले काम यंत्राने लवकर आत्मसात केले. दुसऱ्यासाठी शतकभर माणूसच लागला. आजचा थ्रेड या दुसऱ्या कामाविषयी आहे.

३/ थॉमस एडिसनने १८७७ मध्ये फोनोग्राफ तयार केला. फिरत्या दंडगोलावर कथिलाचा पातळ वर्ख गुंडाळायचा, पडद्याला जोडलेली सुई आवाजासरशी थरथरत त्यावर खाचा पाडणार, आणि सुई पुन्हा त्या खाचांवरून नेली की आवाज परत उमटणार. आपण आज या यंत्राचा संबंध प्रथम संगीताशी जोडतो. एडिसनचा विचार मात्र निराळा होता.

४/ १८७८ मध्ये 'नॉर्थ अमेरिकन रिव्ह्यू' या नियतकालिकात त्याने फोनोग्राफच्या भावी उपयोगांची यादी दिली. तिच्यात पहिले स्थान होते लघुलेखकाशिवाय पत्रे सांगण्याला. अंधांसाठी बोलणारी पुस्तके, कुटुंबीयांच्या आवाजाचा संग्रह, मरणासन्न माणसाचे अखेरचे शब्द, हेही त्या यादीत होते. म्हणजे यंत्राच्या जन्मापासूनच त्याचे दोन चेहरे होते. एक कचेरीचा, दुसरा स्मरणाचा.

५/ कथिलाचा वर्ख काही वेळा वाजवला की निकामी होई. त्यावर तोडगा निघाला वॉशिंग्टनच्या व्होल्टा प्रयोगशाळेत. अलेक्झांडर ग्रॅहम बेल, त्यांचे चुलतबंधू चिचेस्टर बेल आणि चार्ल्स समनर टेंटर यांनी मेणाचा लेप दिलेला दंडगोल वापरला. १८८६ मध्ये त्यांना पेटंट मिळाले आणि यंत्राला नाव पडले 'ग्राफोफोन'. याच परंपरेतील कोलंबिया कंपनीने १९०७ मध्ये 'डिक्टाफोन' हे व्यापारचिन्ह नोंदवले.

६/ कचेरीत हे काम तीन यंत्रांनी चाले. एकासमोर साहेब मजकूर सांगे. दुसऱ्यावर टंकलेखिका कानाला नळ्या लावून तो ऐके आणि टाइप करी. तिसरे यंत्र वापरलेल्या दंडगोलावरचा मेणाचा थर तासून तो पुन्हा कोरा करी. आपल्याकडे पाटी पुसून पुन्हा लिहावे, तसाच हा व्यवहार! अर्थात मूळ आवाज टिकवणे हा हेतूच नव्हता. कागदावर उतरेपर्यंतच त्याचे आयुष्य असे.

७/ आता शोधण्याचा प्रश्न. दंडगोलाकडे पाहून पत्र कुठे संपले हे कळत नाही. म्हणून यंत्रासोबत मोजपट्टीसारखी कागदी पट्टी असे. पत्र कुठे संपले, दुरुस्ती कुठे आहे, याच्या खुणा मजकूर सांगणाऱ्याने तिच्यावर करायच्या. ध्वनीची ही आरंभीची अनुक्रमणिका. ती ध्वनीत नव्हती, शेजारच्या कागदावर होती, हे लक्षात ठेवा.

८/ भारतातील एक समांतर उदाहरण पाहू. १९०२ मध्ये फ्रेड गाइसबर्ग कलकत्त्यात ध्वनिमुद्रणासाठी आला. गौहर जानच्या तबकड्यांच्या शेवटी ती इंग्रजीत स्वतःचे नाव सांगते. आज तो अभिमानाचा उद्गार वाटतो, पण त्यामागे व्यवहारही होता. तबकड्या जर्मनीतील हॅनोव्हरला तयार होत. तेथील कारागिरांना भारतीय भाषा व गायक अपरिचित. नाव कळावे तर ते आवाजातच हवे. इथे अनुक्रमणिका ध्वनीच्या आत शिरली.

९/ यंत्र लहान कसे झाले? डेन्मार्कच्या व्हाल्डेमार पोल्सेनने १८९८ मध्ये पोलादी तारेवर चुंबकीय पद्धतीने ध्वनी नोंदवून दाखवला. १९२८ मध्ये जर्मनीत फ्रिट्झ फ्लॉयमरने लोहभुकटीचा लेप दिलेल्या फितीचे पेटंट घेतले. १९६३ मध्ये फिलिप्सने बर्लिनच्या प्रदर्शनात कॉम्पॅक्ट कॅसेट मांडली. १९६९ मध्ये ऑलिम्पसची मायक्रोकॅसेट आली. पत्रकार, डॉक्टर आणि वकील यांच्या मुठीत मावेल असा टेपरेकॉर्डर आता खरोखर शक्य झाला.

१०/ मात्र फीत ही एकरेषीय वस्तू आहे. चाळिसाव्या मिनिटाचे वाक्य हवे असेल तर आधीची फीत गुंडाळावीच लागते. यंत्रावर आकड्यांचा छोटा गणक असे. वापरणारा तो आकडा वहीत टिपून ठेवी. साठ वर्षांपूर्वीच्या कागदी पट्टीचेच हे नवे रूप. पुस्तकाची पाने चाळता येतात, फीत चाळता येत नाही.

११/ इतिहासाच्या विद्यार्थ्याला याची किंमत कळते. अमेरिकेचे अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी आपली कित्येक दूरध्वनी-संभाषणे 'डिक्टाबेल्ट' या प्लास्टिकच्या पट्ट्यांवर नोंदवून ठेवली होती. काहींची टंकलिखिते त्यांच्या सचिव स्त्रियांनी केली. आपल्या मृत्यूनंतर पन्नास वर्षे हा संग्रह बंद ठेवावा अशी जॉन्सन यांची सूचना होती. तरी १९९० च्या दशकात तो संशोधकांसाठी खुला होऊ लागला. कोण, कोणाशी, कधी बोलले याची नोंद नसती, तर हा अमोल ठेवा पट्ट्यांचा नुसता ढीग ठरला असता.

१२/ एडिसनने लघुलेखकाला वगळण्याचे स्वप्न पाहिले होते. प्रत्यक्षात लघुलेखकाच्या जागी कानाला नळ्या लावलेली टंकलेखिका बसली. तिने ऐकले, विरामचिन्हे घातली, चुका सावरल्या, तारीख घातली, फाइल लावली. 'आवाजाची व्यवस्था' नावाचे जे काम होते ते तीच करत होती. यंत्राच्या जाहिराती पुष्कळ आढळतात. या स्त्रियांची नावे मात्र बहुधा आढळत नाहीत.

१३/ फितीची अडचण सोडवली स्मृती-चिपने. तोशिबाच्या फुजिओ मासुओका यांनी १९८४ मध्ये फ्लॅश स्मृतीची कल्पना जगासमोर मांडली. वीज गेली तरी नोंद टिकते आणि कोणत्याही नोंदीकडे थेट जाता येते, गुंडाळणे नाही. पण जागा महाग होती. दूरध्वनीच्या दर्जाच्या आवाजासाठी सेकंदाला ८,००० नमुने, प्रत्येक नमुना एक बाइट. या हिशेबाने एका मेगाबाइटमध्ये जेमतेम दोन मिनिटे मावतात.

१४/ म्हणून दोन वाटा निघाल्या. पहिली, आवाज आकुंचित करून साठवणे. दुसरी अधिक चतुर होती. कॅलिफोर्नियातील इन्फर्मेशन स्टोअरेज डिव्हायसेस या कंपनीच्या चिपमध्ये आवाजाचे आकड्यांत रूपांतरच होत नसे. प्रत्येक कोषात विद्युतदाबाची पातळी तशीच साठवली जाई. तिची एक प्रारंभीची चिप सोळा सेकंद बोलणे साठवी. बोलणारी शुभेच्छापत्रे आणि किल्लीच्या साखळीला अडकवलेले छोटे मुद्रक अशाच चिपांवर चालत.

१५/ आता येतो या थ्रेडचा मुख्य नायक. १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धात अमेरिकेतील व्हॉइस पॉवर्ड टेक्नॉलॉजी या कंपनीने 'व्हॉइस ऑर्गनायझर' बाजारात आणला. तळहातावर मावणारे यंत्र. त्यात निरोप, आठवणी आणि दूरध्वनी क्रमांक बोलून साठवायचे. आधी मालकाने आपल्या आवाजात नावे शिकवायची. मग नाव उच्चारले की यंत्र त्या व्यक्तीचा क्रमांक शोधून देई. ठरलेल्या वेळी गजर होऊन तुमचाच आवाज तुम्हाला काम आठवून देई.

१६/ या उपकरणाचे ऐतिहासिक महत्त्व कशात? इथे प्रथमच सामान्य ग्राहकाच्या खिशातील यंत्राने टंकलेखिकेचे दुसरे काम, म्हणजे लावून ठेवण्याचे आणि शोधून देण्याचे काम, अंगावर घेतले. अनुक्रमणिका कागदावर नव्हती. बोललेला शब्दच अनुक्रमणिका झाला होता. अर्थात आवाका लहान होता. यंत्राला भाषा कळत नव्हती. शिकवलेल्या नमुन्याशी उच्चार जुळतो का, एवढेच ते पाही.

१७/ १९९६ मध्ये पामचा 'पायलट' आला. लेखणीने पडद्यावर लिहिलेली नोंद क्षणात शोधता येई आणि संगणकाशी जुळवता येई. व्हॉइस ऑर्गनायझरची कंपनी अडचणीत आली आणि पुढे इलेक्ट्रॉनिक शब्दकोश बनवणाऱ्या फ्रँकलिन कंपनीच्या ताब्यात गेली. एवढ्यावरून ही कल्पना चुकीची होती असे मला वाटत नाही. काळ आणि चिप, दोन्ही तिच्यासाठी अपुरे होते.

१८/ त्यानंतरच्या डिजिटल मुद्रकांनी मधला मार्ग धरला. ए, बी, सी, डी अशा नावांचे कप्पे, प्रत्येक निरोपाला क्रमांक, आपोआप उमटणारी तारीख-वेळ. १९९७ मध्ये ड्रॅगन नॅचरलीस्पीकिंग ही संगणकप्रणाली आली. सलग बोललेले इंग्रजी ती अक्षरांत उतरवू लागली. मीना हार्करने केलेले काम यंत्राच्या आवाक्यात येण्याची ही सुरुवात. मराठीला त्यासाठी बरीच वर्षे वाट पाहावी लागली.

१९/ मग दूरध्वनीने सारेच गिळले. २०१३ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपवर बटण दाबून बोलण्याची सोय आली. आज आजी लिहिण्याच्या फंदात न पडता नातवाला दोन मिनिटांचा निरोप पाठवते. एडिसनच्या यादीतील कुटुंबीयांच्या आवाजाचा संग्रह घरोघरी तयार होतो आहे. पण तो शेकडो 'शुभ सकाळ' चित्रांखाली गाडला जातो आणि फोन बदलला की बहुधा जातोच. डॉ. सेवर्डची अडचण आता आपल्या प्रत्येकाच्या खिशात आहे.

२०/ याच्या उलट उदाहरण महाराष्ट्रातच आहे. पुण्याचे हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांनी सहकाऱ्यांसह गावोगावच्या स्त्रियांच्या जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. त्यांची संख्या एक लाखाहून अधिक. त्यांतील अनेकींचे आवाज १९९० च्या दशकात बर्नार्ड बेल यांच्या साहाय्याने ध्वनिमुद्रित झाले. प्रत्येक ओवीला गाव, गाणारीचे नाव आणि विषय यांची जोड मिळाली. म्हणूनच 'पारी' या संकेतस्थळावर आज ती ओवी गाणारीच्या नावासह ऐकता येते.

२१/ जॉन्सन यांच्या पट्ट्या जपायला अख्खे सरकारी ग्रंथालय होते. दळणाऱ्या बाईच्या आवाजामागे असे कोणी नव्हते. तिचे नाव टिकले ते कोणीतरी वहीत लिहिले म्हणून. मौखिक इतिहासात कोणाचा आवाज पुरावा ठरतो आणि कोणाचा नुसता नाद उरतो, हे पुष्कळदा यंत्रावर नव्हे, शेजारच्या नोंदीवर ठरते.

२२/ म्हणून तुमच्यापैकी ज्यांच्या घरी गिरणीत काम केलेले आजोबा, १९७२ चा दुष्काळ पाहिलेली आजी किंवा संयुक्त महाराष्ट्राचे आंदोलन आठवणारे कोणी असेल, त्यांनी मुद्रण सुरू करताच चार गोष्टी मोठ्याने बोलाव्यात: बोलणाऱ्याचे नाव, गाव, तारीख, विषय. त्यांची संमतीही त्याच मुद्रणात घ्यावी.

२३/ नंतर एका कागदावर लिहावे: कितव्या मिनिटाला काय आले. फाइलला आकड्यांऐवजी नाव व तारीख द्यावी. एक प्रत फोनबाहेर ठेवावी. गौहर जानच्या वेळची युक्ती आणि डिक्टाफोनची कागदी पट्टी, दोन्ही एकत्र केल्या की एवढेच होते. खर्च शून्य, वेळ दहा मिनिटे. पन्नास वर्षांनी कोणी संशोधक तो आवाज शोधू लागला, तर त्याला तो सापडेल.

(थ्रेड समाप्त. तुमच्या घरी जुनी कॅसेट असेल तर तिच्यावर काय लिहिले आहे, ते खाली जरूर सांगा.)