छातीत भरलेली साखर

हृदयशस्त्रक्रियेचा इतिहास लिहिणारे बहुधा हृदयापाशीच थांबतात. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. पी. के. सेन यांनी फेब्रुवारी १९६८मध्ये केलेले हृदयारोपण सर्वांना ठाऊक असते. शिवलेली छाती पुढे भरते कशी, हे फारसे कोणी विचारत नाही. मला तोच प्रश्न मोठा वाटतो. आमच्या राजुऱ्याचा रुग्ण नागपुरात शस्त्रक्रिया करून गावी येतो, तेव्हा हृदय दुरुस्त असते, जखम मात्र कच्चीच असते.

छातीचे मधले हाड उभे कापून आत शिरण्याची वाट मिल्टन यांनी १८९७मध्ये दाखवली. शिकागोच्या ज्युलियन यांनी १९५७मध्ये ती हृदयशस्त्रक्रियेसाठी पुढे आणली. वाट सोयीची, पण हाडामागे पू झाला तर शेजारी थेट हृदय! १९६३मध्ये शूमेकर आणि मँडलबॉम यांनी जखम साफ करून पुन्हा बंद करायची आणि नळ्यांवाटे प्रतिजैविकाचे द्रावण आत खेळवत ठेवायचे, अशी पद्धत मांडली. सगळेच रुग्ण तिने बरे होत नसत.

मग १९८५मध्ये पॅरिसच्या त्रुये आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये जे छापले, ते वाचून भुवया उंचावतात. अत्यवस्थ अशा १९ रुग्णांच्या उघड्या छातीत त्यांनी चक्क दाणेदार साखर भरली. विरघळली की पुन्हा भरायची. साखर भोवतालचे पाणी ओढून घेते आणि पाण्यावाचून जंतू वाढत नाहीत. मुरांबा टिकतो तो याच कारणाने. सरासरी आठवडाभरात जखमा स्वच्छ होऊन तांबडे, निरोगी मांस धरू लागले.

सुश्रुताने व्रणाच्या शोधन-रोपणासाठी मध सांगितला, हे आपण अभिमानाने सांगतो. पण अभिमान म्हणजे पुरावा नव्हे. पुराव्याच्या दिशेने पाऊल टाकले ते सोलापूरच्या डॉ. एम. सुब्रह्मण्यम यांनी. भाजलेल्या १०४ रुग्णांपैकी निम्म्यांना त्यांनी मध लावला, निम्म्यांना सिल्व्हर सल्फाडायझिन. सात दिवसांत मधाच्या गटातल्या ९१ टक्के जखमा जंतुमुक्त झाल्या, दुसऱ्या गटातल्या ७ टक्के. हा निबंध १९९१मध्ये ब्रिटिश शल्यनियतकालिकात आला. एवढी तफावत पाहून मन जरा बिचकतेच; शिवाय भाजलेली कातडी वेगळी आणि हाडामागचा पू वेगळा.

हा फरक आमच्याकडे फार महत्त्वाचा आहे. जंगलात मोहोळ मिळते, घरात साखर असतेच. पॅरिसमध्ये साखर पडली ती शल्यविशारदाने टाके उघडून, सडके काढून टाकल्यावर, रुग्णालयातल्या देखरेखीखाली. जखमेसाठीचा वैद्यकीय मधही गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेला असतो, कारण कच्च्या मधात जंतूंचे बीजाणू असू शकतात. छातीचे स्नायू वळवून पोकळी भरण्याची पद्धतही होतीच. १९९७नंतर अर्जेंटा आणि मॉरिक्वास यांची हवा ओढून घेणारी पट्टी रूढ झाली. साखर मागे पडली.

म्हणून टाक्यातून पाणी झिरपले, ताप आला किंवा खोकताना हाड सरकल्यासारखे वाटले, तर मधाची बाटली शोधू नये; त्याच दिवशी शस्त्रक्रिया केलेल्या डॉक्टरांकडे जायची गाडी पकडावी.