द थिंग: १९८२ चा आणि २०११ चा

पिक्चर लावायच्या आधी रेटिंग बघायची सवय कोणाकोणाला आहे? मला होती, आणि ती का लागली ते आधी सांगतो.

बीटेकला असताना हॉस्टेलवर एका मित्राने पेन ड्राइव्हमधून 'द थिंग' दिला. रात्री एकट्याने बघितला, जाम आवडला. सकाळी मेसमध्ये कौतुक सुरू केलं तर सगळे हसायला लागले. मी बघितला होता २०११ चा प्रीक्वेल. 'खरा' द थिंग म्हणे १९८२ चा, जॉन कारपेंटरचा. नाव दोघांचं एकच! त्यानंतर हा पिक्चर आवडला असं मी कुठे बोललोच नाही.

आता थोडा इतिहास. (स्पॉयलर आहेत, आधीच सांगतो.)

१९८२ च्या पिक्चरमध्ये अंटार्क्टिकातल्या अमेरिकन तळावर एक परग्रहावरचा जीव घुसतो. तो कोणत्याही माणसाची हुबेहूब नक्कल करतो, त्यामुळे शेजारी बसलेला माणूस खरा की खोटा हेच कळत नाही. २५ जून १९८२ ला तो रिलीज झाला. दोनच आठवडे आधी स्पीलबर्गचा गोड 'ई. टी.' आलेला, आणि 'ब्लेड रनर' तर त्याच दिवशी लागला. समीक्षकांनी 'द थिंग'ला अक्षरशः धुतलं. किळसवाणा आहे, पात्रांमध्ये जीव नाही, असा सूर होता. एन्यो मॉरिकोनेसारख्या संगीतकाराला वाईट कामासाठीच्या रॅझीचं नामांकन मिळालं. पुढे व्हिडिओ कॅसेट आणि टीव्हीवर लोकांनी तो पुन्हा पुन्हा बघितला, आणि हळूहळू तो क्लासिक झाला.

मग २०११ मध्ये युनिव्हर्सलने प्रीक्वेल आणला. जुन्या पिक्चरमध्ये अमेरिकन लोकांना एक जळालेला नॉर्वेजियन तळ सापडतो. तिथे काय घडलं असेल, त्याची ही गोष्ट. दिग्दर्शक माथियास फान हायनिंगेन ज्युनियर आणि टीमने जुना पिक्चर बारकाईने अभ्यासला होता. रुतलेली कुऱ्हाड, दोन चेहऱ्यांचं जळकं प्रेत, सगळ्याचा हिशोब लावला. शेवट तर थेट १९८२ च्या पहिल्या सीनला जोडला, कुत्र्यामागे लागलेलं हेलिकॉप्टर!

तरीही बहुतेक समीक्षक नाराज झाले, आणि बजेटएवढी कमाईसुद्धा झाली नाही. तक्रारी मुख्यतः दोन. पहिली म्हणजे, प्रीक्वेल म्हणता पण हा तर रिमेकच आहे. नक्कल करणाऱ्या जीवाचा पिक्चरच नक्कल निघाला! दुसरी सीजीआयची. १९८२ मध्ये विशीतल्या रॉब बॉटिनने रबर आणि यंत्रं वापरून राक्षस उभे केले होते. २०११ मध्येही एका टीमने खरेखुरे राक्षस बनवले होते, पण थिएटरमध्ये त्यातलं बरंचसं काम सीजीआयखाली झाकलेलं दिसलं. त्या कलाकारांनी नंतर मूळ कामाचे व्हिडिओ यूट्यूबवर टाकले. लोक हळहळले. पुढे किकस्टार्टरवर पैसे जमवून त्यांनी 'हार्बिंजर डाउन' हा स्वतःचा पिक्चर काढला, २०१५ मध्ये.

मागच्या महिन्यात मी दोन्ही पिक्चर लागोपाठ बघितले. आमच्या भाषेत सांगायचं तर प्रीक्वेलने सगळ्या टेस्ट केस पास केल्या, पण मूळ रिक्वायरमेंट चुकली. त्या रिकाम्या तळावरची कुऱ्हाड भीतीदायक होती, कारण ती तिथे कशी आली हे आपण मनातल्या मनात रचत होतो. प्रीक्वेल त्याचं उत्तर देतो आणि ती भीती संपते.

पण एक सीन मला आजही आवडतो. तो जीव धातूची नक्कल करू शकत नाही, म्हणून केट टॉर्च घेऊन सगळ्यांच्या दातातलं फिलिंग तपासते. ज्यांचे दात चांगले, त्यांच्यावरच संशय! ही कल्पना जुन्या पिक्चरमधली नाही.

मला वाटतं, १९८२ ला शिव्या पडल्या त्या त्याने केलेल्या धाडसाला. अशी टीका काळाबरोबर उलटू शकते. २०११ वरची टीका होती 'नवीन काय?' अशी, आणि ती उलटणं अवघड. म्हणजे मेसमधले मित्र बरोबर होते. पण तेवढ्यासाठी मी वर्षानुवर्षं गप्प बसायची काही गरज नव्हती.

तर आज रात्री रेटिंग न बघता एक पिक्चर लावा, आणि कसा वाटला ते स्वतःच्या शब्दांत कळवा. भेटूया पुढच्या एपिसोडमध्ये!