सही कोणाची?

संत तुकारामनगरात परिचारिका म्हणून नोकरी केली. ‘सिस्टर, पिशवीच काढून टाका एकदाची,’ असं म्हणणाऱ्या बायका नेहमी यायच्या. संमतीपत्र पुढे केलं की मात्र पेन नवऱ्याकडे सरकायचं. ‘ह्यांना विचारा,’ हे उत्तर ठरलेलं.

बाईचं दुखणं मोजायलाही आपण उशीरच केला. र. धों. कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमन केंद्र काढलं. पण खेड्यातल्या बाईची तपासणी कोण करणार? डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत ६५० स्त्रिया तपासल्या. ९२ टक्के जणींना स्त्रीरोग निघाले. त्याआधी तपासणी झालेल्या जेमतेम ८ टक्के. बाकीच्यांनी पांढरं जाणं, ओटीपोटातली कळ, सगळं अंगावर काढलेलं. १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ने हा अभ्यास छापला.

कायदा मात्र बाईच्या बाजूने आहे. १९७१च्या गर्भपात कायद्यानुसार सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरते, नवऱ्याची सही लागत नाही. समीरा कोहली खटल्यात २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने बजावलं, की तपासणीला दिलेला होकार म्हणजे गर्भाशय काढायची परवानगी नव्हे. तेव्हा बायांनो, कागद वाचून घ्या, दुसरा उपाय आहे का ते विचारा, आणि सही स्वतःच्या हाताने करा.