एका हाती अनेक वृत्ती

इ.स. १३६६ मध्ये पोप पाचवे अर्बन यांच्या आज्ञेवरून इंग्लंडमधील धर्मसंस्थेत एक मोठी झाडाझडती झाली. ज्यांच्याकडे चर्चच्या एकाहून अधिक वृत्ती होत्या, अशा प्रत्येकाने आपल्या वृत्तींची नावे आणि त्यांचे वार्षिक उत्पन्न लेखी कळवावे, असा तो हुकूम होता. त्या वेळी सादर झालेल्या विवरणांत विल्यम ऑफ विकहॅम यांचेही विवरण आहे. लिंकनचे आर्चडीकनपद आणि निरनिराळ्या चर्चमधील प्रीबेंड, म्हणजे धर्ममंडळाच्या सभासदत्वाची वेतने, मिळून त्यांचे उत्पन्न ८७३ पौंड ६ शिलिंग ८ पेन्स इतके भरले.

ही रक्कम केवढी होती, हे समजण्यासाठी दुसरा एक आकडा शेजारी ठेवला पाहिजे. इ.स. १२२२ च्या ऑक्सफर्ड धर्मपरिषदेने गावात राहून प्रत्यक्ष काम करणाऱ्या व्हिकरला वर्षाला किमान ५ मार्क मिळावेत असे ठरविले होते. मार्क म्हणजे पौंडाचा दोन-तृतीयांश. या हिशेबाने विकहॅम यांच्या उत्पन्नात २६२ व्हिकर पोसले गेले असते. मधल्या काळात, विशेषतः प्लेगच्या साथीनंतर, वेतने वाढली होती हे खरे. तथापि अंतर किती होते याची कल्पना यावरून यावी.

हे घडले कसे, हे पाहण्यापूर्वी ‘वृत्ती’ या शब्दाविषयी दोन शब्द लिहिणे आवश्यक आहे. इंग्रज ज्याला बेनिफिस म्हणतात, त्याला आपल्या भाषेत जोशीवृत्ती, उपाध्येपणाची वृत्ती यांतील ‘वृत्ती’ हाच शब्द सर्वांत जवळचा वाटतो. प्रत्येक पॅरिशला, म्हणजे चर्चच्या गावाला, स्वतःची जमीन असे आणि गावकऱ्यांनी पिकाचा, गवताचा, लोकरीचा, कोकरांचा दशमांश चर्चला द्यावा लागे. या उत्पन्नाचा धनी तो रेक्टर. त्याच्या मोबदल्यात गावकऱ्यांच्या आत्म्यांची काळजी वाहणे हे त्याचे कर्तव्य. रेक्टर स्वतः गावात राहत नसेल तर त्याच्या जागी काम करणारा तो व्हिकर. ‘दुसऱ्याच्या जागी असलेला’ हाच त्या लॅटिन शब्दाचा मूळ अर्थ आहे. व्यवस्थेने नेमलेला कायम व्हिकर असेल तेथे धान्याचा मोठा दशमांश बहुधा रेक्टरकडे राही आणि किरकोळ दशमांश व्हिकरच्या वाट्याला येई.

आपल्यापैकी अनेकांना यात काही अनोळखी वाटणार नाही. आपल्या घराण्यांतही देशावरची कुलकर्णी वा देशपांडे वतने होती. वतनदार दूरच्या संस्थानी शहरात चाकरीस असे आणि गावचे दप्तर गुमास्ता किंवा मुतालिक सांभाळी. मात्र एक महत्त्वाचा भेद ध्यानात ठेवला पाहिजे. वतन वंशपरंपरेने चाले. चर्चची वृत्ती धारकाच्या मृत्यूबरोबर संपे. ब्रह्मचर्याच्या नियमामुळे तिला वारस नसे. नवा धारक सुचविण्याचा अधिकार आश्रयदात्याकडे परत येई, आणि इंग्लंडमधील सर्वांत मोठा आश्रयदाता राजाच होता.

या प्रश्नाचे मर्म येथेच आहे. राजाच्या कचेऱ्यांत लिहिणारे, हिशेब ठेवणारे, वकिलाती करणारे लोक बहुतांशी धर्मवर्गातलेच असत. त्यांना पुरेसे रोख वेतन द्यावे तर खजिन्यावर ताण, जमीन द्यावी तर ती पिढ्यान्‌पिढ्या गेली. त्यापेक्षा चर्चच्या वृत्ती देणे सोयीचे होते. जितकी सेवा मोठी तितक्या वृत्ती अधिक. पगार होत होता राजसेवेचा, आणि तो भरत होता कोठल्यातरी खेड्यातला शेतकरी, ज्याने आपल्या रेक्टरचे तोंडही पाहिलेले नसे.

धर्मसंस्थेला हे दिसत नव्हते असे नाही. इ.स. ११७९ च्या तिसऱ्या लॅटरन परिषदेने अनेक वृत्ती धारण करण्यास मनाई केली. इ.स. १२१५ च्या चौथ्या परिषदेने नियम अधिक कडक केला: आत्म्यांच्या काळजीची जबाबदारी असलेली दुसरी वृत्ती स्वीकारताच पहिली आपोआप रिकामी समजावी. परंतु त्याच नियमाच्या शेवटी एक पळवाट ठेवलेली होती. थोर कुळातील आणि विद्वान व्यक्तींना पोप सूट देऊ शकत. शासकीय नियमावलींशी आयुष्यभर संबंध आलेल्या आमच्यासारख्यांना हे वाक्य वाचून हसू येते. नियम कोणासाठी आणि अपवाद कोणासाठी, हे ते एका ओळीत सांगून जाते.

या पळवाटेचे टोक म्हणजे बोगो डी क्लेअर. ग्लॉस्टरच्या अर्लचा हा धाकटा मुलगा इ.स. १२४८ मध्ये जन्मला आणि १२९४ मध्ये वारला. अखेरच्या वर्षांत त्याच्याकडे वीसहून अधिक चर्च होती. शिवाय यॉर्क कॅथीड्रलचे खजिनदारपद होते. कँटरबरीचे आर्चबिशप जॉन पेकम यांनी इ.स. १२७९ मध्ये रेडिंग येथे परिषद भरवून अशा लोकांविरुद्ध मोहीम उघडली, पण बोगोचे फारसे बिघडले नाही. इ.स. १२९० मध्ये आर्चबिशपांचा समन्स घेऊन त्याच्या लंडनच्या वाड्यात गेलेल्या माणसाला बोगोच्या नोकरांनी ती पत्रे मोहरांसकट खायला लावली आणि हे प्रकरण पार्लमेंटपुढे गेले. लॅनरकॉस्टच्या बखरीत त्याच्या उत्तरेकडील सायमनबर्न या संपन्न चर्चची कथा आहे: ईस्टरच्या दिवशी वेदीमागे शोभेच्या पटाऐवजी शेणाने माखलेल्या काटक्या होत्या. बखरकाराने रंग भरला असेल. पण त्या काटक्यांकडे पाहत प्रार्थना करणारे गावकरी मात्र कल्पित नव्हते.

तरीही सर्वांना एका मापाने मोजणे अन्यायाचे होईल. हेरफर्डचे बिशप थॉमस कँटिलूप यांनीही बिशप होण्यापूर्वी पोपच्या अनुमतीने अनेक वृत्ती धारण केल्या होत्या. आपल्या चर्चना भेटी देणारे, तेथील व्यवस्था पाहणारे म्हणून त्यांचा लौकिक होता, इ.स. १३२० मध्ये त्यांना संतपद मिळाले. उलट रॉबर्ट ग्रोसटेस्ट यांनी इ.स. १२३२ च्या सुमारास आजारातून उठल्यावर लिंकनचे एक प्रीबेंड ठेवून बाकी सर्व वृत्तींचा राजीनामा दिला. पुढे तेथेच बिशप असताना, इ.स. १२५३ मध्ये, पोपनी आपल्या पुतण्याला लिंकनचे प्रीबेंड देण्याची आज्ञा केली, तेव्हा त्यांनी ती मानण्यास नकार दिला. आणि धर्मसंस्थेचे कठोर टीकाकार जॉन विक्लिफ? वेस्टबरीच्या चर्चमध्ये त्यांचे प्रीबेंड होते. तेथे न राहिल्याबद्दल आणि आपल्या जागी व्हिकर न ठेवल्याबद्दल १३६६ मध्ये त्यांच्यावरही ठपका आला होता. दोष व्यवस्थेत इतका मुरला होता की टीका करणारेही त्याबाहेर राहिले नाहीत.

इ.स. १३१७ मध्ये पोप बाविसावे जॉन यांनी आत्म्यांच्या काळजीची एक आणि तशी जबाबदारी नसलेली एक, अशी दोन वृत्तींची मर्यादा घातली. इंग्लंडमध्ये अनेकांनी जादा वृत्ती सोडल्या. परंतु प्रीबेंडांच्या रूपाने संग्रह चालूच राहिला, आणि म्हणूनच पन्नास वर्षांनी पुन्हा झाडाझडती घ्यावी लागली. पुढे कार्डिनल टॉमस वुल्झी इ.स. १५१४ मध्ये यॉर्कचे आर्चबिशप झाले, त्याशिवाय त्यांनी बाथ, मग डरहॅम, मग विंचेस्टर अशी बिशपपदे एकामागून एक सोबत धारण केली. स्वतःच्या यॉर्क प्रांतात ते प्रथम गेले ते सत्ता गेल्यावर, १५३० साली. पार्लमेंटने १५२९ मध्ये कायदा केला, त्यातही राजाचे आणि सरदारांचे खाजगी धर्मोपदेशक यांना सवलत होतीच. दोन वृत्ती आणि दहा मैलांचे अंतर ही मर्यादा यायला १८३८ साल उजाडावे लागले.

आता पुन्हा विकहॅम यांच्याकडे वळू. हा गृहस्थ सामान्य घरातला. विंडसरच्या किल्ल्याच्या बांधकामावर देखरेख करून तो तिसऱ्या एडवर्डच्या विश्वासास पात्र झाला, विंचेस्टरचा बिशप आणि इंग्लंडचा चॅन्सलर झाला. मिळालेल्या संपत्तीतून त्यांनी इ.स. १३७९ मध्ये ऑक्सफर्डचे न्यू कॉलेज आणि १३८२ मध्ये विंचेस्टरची शाळा स्थापिली. दोन्ही संस्था आजही चालू आहेत. तेव्हा हिशेब कसा मांडायचा? काही गावांनी आपला धर्मोपदेशक पाहिला नाही, आणि सहा शतके विद्यार्थी शिकले. आम्हांस या हिशेबाचे सोपे उत्तर सापडलेले नाही. एवढेच म्हणता येते की ज्यांनी किंमत मोजली, त्यांना ती मोजायची आहे काय, असे कोणी विचारले नव्हते.

शेवटी स्वतःविषयी थोडे. राज्य शासनाच्या सेवेत असताना आमच्याकडे दीड वर्ष शेजारच्या तालुक्याचा अतिरिक्त कार्यभार होता. आम्ही तेथे दर मंगळवारी जात असू आणि एकही मंगळवार चुकविला नाही, याचा आम्हांस अभिमानही होता. एका मंगळवारी वारसनोंदीचा अर्ज घेऊन एक वृद्ध शेतकरी समोर उभा राहिला. तो यापूर्वी दोनदा पायी येऊन परत गेला होता. दोन्ही दिवस मंगळवार नव्हते. त्याने तक्रार केली नाही. ‘साहेब आज भेटले’ एवढेच समाधानाने म्हणाला. त्याचे काम दहा मिनिटांत झाले.

बोगो डी क्लेअरविषयी वाचताना आपण सहज त्याच्यापासून दूर उभे राहतो. आम्हीही राहिलो असतो; पण तो शेतकरी आठवतो. आम्ही काही लुबाडले नव्हते, नियमही मोडला नव्हता. तरीही त्या दोन दिवशी त्याच्या लेखी आमची खुर्ची रिकामीच होती.