गुलामाची बुद्धी ‘कनिंग’ का ठरते?

इंग्रजीत बुद्धीसाठी शब्दांची उतरंड आहे. चटकन समजणारा ‘इंटेलिजंट’, युक्ती लढवणारा ‘क्लेव्हर’, व्यवहारात न फसणारा ‘श्रूड’, धूर्त तो ‘कनिंग’ आणि बऱ्यावाइटाची पारख असणारा ‘वाइज’. मराठीतही हुशार, चतुर, चाणाक्ष, धूर्त, शहाणा आहेतच. पण कोणाला कोणता शब्द द्यायचा, हे ठरवतो कोण?

याचे उत्तर खुलताबादला मलिक अंबरच्या कबरीपाशी मिळते. इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून अनेकदा विकला गेलेला हा हबशी निजामशाहीचा पेशवा झाला. १६१० साली त्याने खडकी शहर वसवले. भुयारी नहरीने शहरात पाणी आणले, जमिनीचा सारा नव्याने ठरवला. १६२४ साली भातवडीला मोगल आणि आदिलशाही या दोन्ही फौजांना एकाच वेळी हरवले.

हा माणूस जहांगीर बादशहाच्या हाती कधीच लागला नाही. मग बादशहाने काय केले? आपल्या आठवणींत अंबरला काळ्या रंगावरून हिणवले. दरबारी चित्रकार अबुल हसनने तर अंबरच्या कापलेल्या मुंडक्यावर बाण सोडणारा जहांगीर रंगवला. रणात जे जमले नाही, ते कागदावर! पण १६२६ मध्ये अंबर वारल्यावर मोगलांच्याच इतिहासकाराला, मुतमद खानाला, त्याच्या युद्धकौशल्याची आणि कारभाराची थोरवी मान्य करावी लागली. माणूस तोच, बुद्धीही तीच. हाती लागत नव्हता तोवर शिवी, मेल्यावर गौरव!

पुढे अंबरच्या शहराला जहांगीरच्या नातवाचे, औरंगजेबाचे नाव मिळाले. तोही खुलताबादलाच पुरला आहे. त्याच्या कबरीवरून देशभर वाद होतात; अंबरची कबर किती जणांना ठाऊक आहे?

बाबासाहेबांनी १९३६ च्या ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये बजावले की, बुद्धी हा स्वतःच सद्गुण नव्हे, ते साधन आहे. बुद्धिमान माणूस सज्जन असू शकतो, तसा लबाडही. म्हणूनच त्यांनी प्रज्ञेला शील आणि करुणेची जोड दिली. बुद्धी कोणत्या कुळातली, हा प्रश्नच चुकीचा. ती कोणाच्या उपयोगी पडली, हे विचारा. अंबरच्या बुद्धीने शहराला पाणी पाजले!

आजही काहींची मुले ‘ब्रिलियंट’ असतात आणि तेवढेच गुण मिळवणारी आपली मुले ‘कोट्यातली’. मित्रांनो, हा शब्द आपल्या मुलांची बुद्धी मोजत नाही. बोलणाऱ्याची जात सांगतो. तो मुकाट्याने ऐकून घेऊ नका.

जय भीम!