लोकसभेतील एक प्रश्न आणि मुंदडा प्रकरण

आठवीच्या वर्गात संसदीय शासन पद्धतीचा पाठ शिकवीत असताना प्रश्नोत्तराच्या तासाविषयी दोन-चार वाक्ये सांगावी लागतात. कामकाजाचा पहिला तास प्रश्नांसाठी राखून ठेवलेला असतो, सभासद मंत्र्यांना प्रश्न विचारतात, मंत्री उत्तर देतात, एवढे सांगितले की मुले वहीत उतरून घेतात आणि आपण पुढे जातो. गेल्या वर्षी मात्र मागच्या बाकावरील एका मुलाने विचारले, "सर, नुसता प्रश्न विचारून काय होतं? सरकार तर त्यांचंच असतं ना?" वर्ग हसला. मीही हसलो, पण त्या दिवशी त्याला समाधानकारक उत्तर देता आले नाही, हे कबूल केले पाहिजे. हा लेख म्हणजे ते राहून गेलेले उत्तर होय.

प्रश्नाचा रिवाज थोडक्यात असा. ज्या प्रश्नाचे उत्तर सभासदाला तोंडी हवे असते त्यावर तारांकित अशी खूण असते. अतारांकित प्रश्नाचे उत्तर लेखी मिळते. तारांकित प्रश्नाचे मर्म त्याच्या पुरवणी प्रश्नांत असते. पहिले उत्तर कचेरीतून लिहून आलेले असते, ते कोणीही वाचून दाखवील. परंतु त्यावर दुसरा, तिसरा सभासद उठून "मग असे का?" म्हणून विचारतो, तेव्हा मंत्र्याला आपल्या खात्याची खरी माहिती आहे की नाही ते सभागृहाला कळून येते.

आता मूळ हकिकतीकडे वळू. 1956 पूर्वी आपल्या देशात आयुर्विम्याचा धंदा खासगी कंपन्यांच्या हाती होता. काही कंपन्या चोख होत्या, परंतु काहींचे मालक विमेदारांचा पैसा आपल्याच इतर उद्योगांत फिरवीत असत. डिसेंबर 1955 मध्ये रायबरेलीकडून निवडून आलेले काँग्रेसचे सभासद फिरोझ गांधी यांनी लोकसभेत या गैरप्रकाराविषयी तपशीलवार भाषण केले. त्याचा रोख दालमिया यांच्या भारत इन्शुरन्स कंपनीवर होता. रामकृष्ण दालमिया यांना पुढे शिक्षाही झाली. 19 जानेवारी 1956 रोजी सरकारने वटहुकूम काढून आयुर्विमा आपल्या ताब्यात घेतला. त्या वेळी अर्थमंत्री होते आपल्या महाडजवळच्या नाते गावी जन्मलेले चिंतामणराव देशमुख. 1 सप्टेंबर 1956 रोजी 245 विमा कंपन्या व भविष्य निर्वाह संस्था एकत्र करून आयुर्विमा महामंडळ स्थापन झाले. खुद्द देशमुख त्यापूर्वीच, मुंबईच्या प्रश्नावर, मंत्रिपद सोडून गेले होते आणि अर्थखाते टी. टी. कृष्णमाचारी यांच्याकडे आले होते.

महामंडळाचा पैसा म्हणजे कोणाचा पैसा, हे आपल्या घरांत तरी वेगळे सांगायला नको. आमच्या अब्बांच्या लोखंडी पेटीत घराच्या कागदांखाली एक पॉलिसी असे. हप्त्याची तारीख जवळ आली की अम्मी घरखर्चातून थोडे थोडे बाजूला काढू लागत. असे लाखो घरांतून आलेले चार-चार पैसे महामंडळाच्या तिजोरीत साठत होते. आणि महामंडळ स्थापन होऊन वर्षही झाले नव्हते.

जून 1957 मध्ये कलकत्त्याचे एक सट्टेबाज उद्योगपती हरिदास मुंदडा अडचणीत आले. त्यांनी कर्ज काढून एकामागून एक जुन्या इंग्रजी कंपन्या ताब्यात घेतल्या होत्या, आता देणेकरी दारात उभे होते. त्यांनी अर्थखात्याकडे प्रस्ताव मांडला आणि काही दिवसांतच, जूनच्या अखेरच्या आठवड्यात, महामंडळाने त्यांच्या सहा कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटी रुपयांचे शेअर खरेदी केले. त्या काळचे सव्वा कोटी! महामंडळाची स्वतःची गुंतवणूक समिती होती, तिला हा व्यवहार उरकल्यावर कळविण्यात आले. कंपन्या अशा: कानपूरची ब्रिटिश इंडिया कॉर्पोरेशन, जेसप, रिचर्डसन अँड क्रुडास, स्मिथ स्टॅनिस्ट्रीट, ऑस्लर लॅम्प्स आणि अँजेलो ब्रदर्स. यांपैकी रिचर्डसन अँड क्रुडासचा कारखाना आपल्या भायखळ्याचा. मदनपुरा-नागपाड्याच्या जुन्या माणसांना त्याचे नाव ठाऊक असेल.

सप्टेंबर 1957 मध्ये डॉ. रामसुभग सिंग यांनी लोकसभेत प्रश्न विचारला की, महामंडळाने कानपूरच्या एका खासगी धंद्यात एक कोटी रुपये घातले आहेत काय? ध्यानात घ्या, विचारणारे सत्ताधारी काँग्रेसचेच होते. सरळ उत्तर मिळाले नाही. पण प्रश्न नोंदला गेला होता. नोव्हेंबर अखेरीस तो पुन्हा आला, आणि या वेळी फिरोझ गांधीही उभे राहिले. पुरवणी प्रश्नांतून एकेक धागा सुटत गेला व 16 डिसेंबर 1957 रोजी या विषयावर सभागृहात चर्चा झाली.

फिरोझ गांधी त्या दिवशी बोलले ते भाषण संसदेच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. ते पंतप्रधान नेहरूंचे जावई होते, त्यांच्याच पक्षाचे होते. समोरच्या बाकावर त्यांच्याच पक्षाचे अर्थमंत्री बसले होते. त्यांनी घोषणा दिल्या नाहीत की सभात्याग केला नाही. कोणत्या कंपनीचे शेअर केव्हा घेतले, कोणत्या भावाने घेतले, त्या वेळी त्या कंपनीची अवस्था काय होती, असे एकामागून एक तपशील त्यांनी ठेवले. अर्थखात्यातील गोपनीय पत्रव्यवहारही त्यांच्यापाशी होता. सरकारची बाजू अशी होती की, कलकत्त्याचा शेअरबाजार घसरत होता, त्याला सावरण्यासाठी ही खरेदी झाली. ही गोष्ट ऐकायला वाईट नाही. उद्योग बुडाले तर कामगार रस्त्यावर येतात, तेव्हा सरकारने हात द्यावा असे कोणालाही वाटेल. परंतु बाजार सावरायचा तर एकाच माणसाचे शेअर, तेही त्याच्याच हातून, का घ्यावे? आणि जो पैसा विमेदारांचा, त्यांच्या समितीला न विचारता तो कोणाच्या मदतीला वापरावा? या प्रश्नांना सभागृहात उत्तर मिळाले नाही. सरकारला चौकशी मान्य करावी लागली.

ही चौकशी ज्यांच्याकडे आली त्यांच्याविषयी या स्मरणिकेत दोन शब्द अधिक लिहिले तर वाचक रागावणार नाहीत. न्यायमूर्ती महंमद करीम छागला हे मुंबईचे, 1900 साली जन्मलेले, खोजा घराण्यातील. घरचे आडनाव मर्चंट होते, ते बदलून त्यांनी छागला केले. झेवियर्समधून ऑक्सफर्डला गेले, परत येऊन मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजात शिकविले. तेथे डॉ. आंबेडकर त्यांचे सहकारी होते. 1947 साली ते मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश झाले. त्या पदावर असतानाच जानेवारी 1958 मध्ये मुंदडा प्रकरणाच्या चौकशीसाठी त्यांचा एकसदस्य आयोग नेमण्यात आला. ते कोणत्या जमातीचे म्हणून हे काम त्यांच्याकडे आले नव्हते आणि कोणी तशी चर्चाही केली नाही. त्यांच्या न्यायावर लोकांचा भरवसा होता, एवढेच.

छागला यांनी एक गोष्ट पहिल्यापासून ठरविली होती: चौकशी उघडपणे होईल. ती मुंबईत झाली आणि ऐकण्यासाठी एवढी गर्दी लोटली की बाहेर उभ्या असलेल्या लोकांसाठी ध्वनिक्षेपक लावावे लागले. विचार करा, देशाचे अर्थमंत्री, अर्थसचिव एच. एम. पटेल, रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर अय्यंगार, असे एकेक जण येऊन साक्ष देत आहेत आणि रस्त्यावरचा माणूस, ज्याची कदाचित दोन हजारांची पॉलिसी असेल, तो ती ऐकत आहे. महान्यायवादी मोतीलाल सेटलवाड आयोगाच्या साह्याला होते. सचिव म्हणत, मंत्र्यांची संमती होती. मंत्री म्हणत, मी अशी संमती दिली नव्हती. आजही एखाद्या कचेरीत हेच ऐकू येते, फक्त तेथे ध्वनिक्षेपक नसतो!

महिन्याच्या आत सुनावणी आटोपून 10 फेब्रुवारी 1958 रोजी अहवाल सादर झाला. बाजार सावरण्याची सबब छागला यांनी मान्य केली नाही. मंत्र्याविषयी त्यांनी जे तत्त्व सांगितले ते असे की, खात्यात जे घडते त्याची जबाबदारी घटनेप्रमाणे मंत्र्याची आहे. आपल्या सचिवाने परस्पर केले असे सांगून तो बाजूला होऊ शकत नाही. त्याशिवाय पुढील काळासाठीही त्यांनी काही नियम सुचविले. सरकारने स्वायत्त महामंडळाच्या कारभारात हात घालू नये, घालायचाच असेल तर लेखी आदेश द्यावा. विमेदारांचा पैसा विमेदारांच्या हितासाठीच वापरावा. आणि शेवटचा नियम मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो: मंत्र्याने संसदेला पहिल्याच संधीला विश्वासात घेऊन सर्व वस्तुस्थिती सांगावी, म्हणजे ती दुसऱ्या मार्गाने बाहेर येऊन सभागृहाची व मंत्र्याची पंचाईत होणार नाही.

कृष्णमाचारी यांनी त्याच फेब्रुवारीत राजीनामा दिला. 28 फेब्रुवारीचे अंदाजपत्रक नेहरूंना स्वतः मांडावे लागले. कृष्णमाचारी यांनी या व्यवहारात स्वतः पैसा खाल्ला असे कोणी म्हटले नव्हते. नेहरूंनाही ते निर्दोष वाटत होते, आणि पुढे 1963 साली ते पुन्हा अर्थमंत्री झालेच. अर्थसचिव पटेल तर 1977 मध्ये स्वतःच अर्थमंत्री झाले. तेव्हा काही वाचक म्हणतील की मग झाले काय? माझे मत असे आहे की, त्यांचे पद गेले ते सव्वा कोटीसाठी कमी आणि सप्टेंबर महिन्यात सभागृहाला सरळ उत्तर न मिळाल्यामुळे अधिक. पहिल्याच प्रश्नाला "होय, घेतले, व त्याची कारणे अशी" म्हणून सांगितले असते तर कदाचित एवढ्यावर गोष्ट आलीच नसती. मुंदडा यांना मात्र तुरुंगात जावे लागले.

या प्रकरणातून एक गोष्ट सर्वांना कळून चुकली. सरकारी कारखाने व महामंडळे वाढत आहेत, त्यांच्यावर संसदेची नजर केवळ प्रश्नोत्तराच्या तासाने राहणार नाही. कृष्ण मेनन यांच्या अध्यक्षतेखालील काँग्रेस पक्षाच्या एका समितीने 1959 मध्ये वेगळ्या संसदीय समितीची शिफारस केली आणि 1 मे 1964 पासून सार्वजनिक उपक्रम समिती कामाला लागली. 1993 पासून तर प्रत्येक खात्यासाठी स्थायी समित्या आहेत. उद्योगाची वेगळी, वाणिज्याची वेगळी, कामगार खात्याची वेगळी. अशा 24 समित्या असून प्रत्येकीत लोकसभेचे 21 व राज्यसभेचे 10 सभासद असतात. येथे काम शांतपणे व पक्षभेद थोडा बाजूला ठेवून होते, ही चांगली गोष्ट. परंतु बैठका बंद दाराआड होतात आणि मंत्र्याला साक्षीसाठी बोलावीत नाहीत, फक्त अधिकारी येतात. छागला यांचा ध्वनिक्षेपक आठवला की हा फरक मनाला लागतो.

आणखी एक गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. सभागृहात काय बोलले गेले ते वर्तमानपत्राने छापले तर पूर्वी त्याच्यावर खटला होऊ शकत असे. फिरोझ गांधी यांनी खासगी विधेयक आणून 1956 साली वर्तमानपत्रांना संसदेचे खरे वृत्त छापण्याचे संरक्षण मिळवून दिले. पुढच्याच वर्षीचे त्यांचे मुंदडा प्रकरणावरील भाषण लोकांच्या घरोघर पोहोचले, त्यामागे हा कायदा होता. ते 1960 साली वारले. 1976 मध्ये आणीबाणीत हा कायदा रद्द करण्यात आला, तेव्हा पंतप्रधान त्यांच्या पत्नी इंदिरा गांधी होत्या. 1977 साली नवे सरकार आल्यावर तो पुन्हा करण्यात आला.

त्या सहा कंपन्यांचे काय झाले? जेसपचा कारभार 1958 सालीच सरकारने हाती घेतला. रिचर्डसन अँड क्रुडास 1972 च्या कायद्याने सरकारी झाली, ब्रिटिश इंडिया कॉर्पोरेशन 1981 साली. म्हणजे ज्या ओझ्याला 1957 मध्ये विमेदारांच्या पैशाचा टेकू दिला, ते शेवटी सरकारच्याच खांद्यावर आले. कानपूरची लाल इमली गिरणी ही याच कॉर्पोरेशनची. तिच्या लोकरी कापडाला एके काळी देशभर मान होता, ती पुढे बंद पडली आणि तेथील कामगार थकलेल्या पगारासाठी वर्षानुवर्षे खेटे घालीत राहिले. सव्वा कोटींचा हिशेब लोकसभेने मागितला तसा या कामगारांच्या पगाराचा हिशेब तितक्या जोराने मागितला गेला नाही, हेही सांगितले पाहिजे.

सप्टेंबर 2020 मध्ये, करोनाच्या साथीत, संसदेच्या अधिवेशनात प्रश्नोत्तराचा तास घेण्यात आला नाही, फक्त लेखी उत्तरे मिळाली. त्यांतील एका उत्तरात टाळेबंदीत गावी परतताना किती स्थलांतरित मजूर मरण पावले याची नोंद ठेवलेली नाही, असे कामगार खात्याने सांगितले. तोंडी तास असता तर त्यावर तेथेच पुरवणी प्रश्न आले असते. तरीही कोणी तरी विचारले म्हणून ते उत्तर कागदावर आले आणि ते आज कोणालाही वाचता येते.

छागला यांचे "रोझेस इन डिसेंबर" हे आत्मचरित्र 1973 साली प्रसिद्ध झाले. इंग्रजी फार अवघड नाही. मुंदडा चौकशीची हकिकत त्यात त्यांनी स्वतः सांगितली आहे. आमच्या शाळेच्या ग्रंथालयात त्याची एक जुनी प्रत असून पुठ्ठा सुटला होता तो नुकताच बांधून घेतला आहे. दहावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना ती घरी नेता येईल. त्या मागच्या बाकावरच्या मुलाचे नाव मी पहिले लिहून ठेवले आहे.