मनोविकार व व्यसनाधीनता यांचा आनुवंशिक धोका

मनोविकार किंवा व्यसन जडण्याची जी वाढीव शक्यता आईवडिलांकडून जनुकांवाटे येते, तिला आनुवंशिक धोका म्हणतात. जनुके जन्मापासून तीच राहतात. त्यांचा परिणाम मात्र वय आणि परिस्थिती यांनुसार बदलतो. त्यामुळे ‘दारूचे जनुक’ किंवा ‘वेडाचे जनुक’ हे शब्दप्रयोग दिशाभूल करतात. या आजारांत बहुधा शेकडो जनुकांचा थोडाथोडा वाटा असतो आणि त्यांतली बरीच जनुके एकाहून अधिक आजारांत आढळतात.

जुळ्यांच्या अभ्यासांवरून आनुवंशिकतेचा वाटा स्किझोफ्रेनियात सुमारे ८० टक्के, दारूच्या व्यसनात सुमारे ५० टक्के आणि नैराश्यात ४० टक्क्यांच्या आसपास धरला जातो. हे आकडे समाजातील फरकांविषयी बोलतात, एका माणसाविषयी नव्हे. स्किझोफ्रेनिया असलेल्या व्यक्तीच्या मुलांपैकी साधारण दहातल्या एकालाच तो आजार होतो. एकबीज जुळ्यांपैकी एकाला तो असला, तरी दुसरा निम्म्याहून अधिक वेळा त्यातून सुटतो.

आजार जनुकांमुळे येतो की घरातील वातावरणामुळे, हा प्रश्न दत्तक मुलांच्या अभ्यासांनी पुढे नेला. लेनर्ड हेस्टन यांनी १९६६ मध्ये अमेरिकेत स्किझोफ्रेनिया असलेल्या मातांपासून जन्मतःच दूर वाढलेल्या ४७ मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांपैकी पाच जणांना हा आजार झाला होता. तुलनेच्या ५० जणांत एकालाही नाही. फिनलंडमध्ये पेक्का टिएनारी यांना दुसरी बाजू दिसली : धोका घेऊन जन्मलेली मुले निकोप घरात वाढली, तर आजाराचे प्रमाण बरेच कमी राहिले.

आनुवंशिकतेच्या या अभ्यासाचा गैरवापरही झाला आहे आणि तो विसरता येण्याजोगा नाही. स्किझोफ्रेनियाचा पहिला मोठा कौटुंबिक अभ्यास १९१६ मध्ये करणारे एर्न्स्ट र्‍यूडिन हेच जर्मनीतील १९३३ च्या सक्तीच्या नसबंदी कायद्याचे खंदे पाठीराखे होते. स्किझोफ्रेनियाचे रुग्ण आणि दारूच्या तीव्र आहारी गेलेले लोक या कायद्याच्या कक्षेत येत.

जनुकांचा परिणाम वयानुसारही बदलतो. स्किझोफ्रेनियाशी निगडित अनेक जनुके गर्भाचा मेंदू घडत असतानाच कार्यरत असतात, पण लक्षणे बहुधा तारुण्याच्या उंबरठ्यावर दिसू लागतात. या मधल्या काळाचे अंशतः स्पष्टीकरण २०१६ मध्ये मिळाले. पौगंडावस्थेत मेंदू चेतापेशींमधले अनावश्यक जोड काढून टाकतो. सी४ या जनुकाची काही रूपे ही छाटणी प्रमाणाबाहेर नेत असावीत, असे दिसते. बरेच मनोविकार किशोरवयातच सुरू झालेले असतात, हेही येथे ध्यानात घ्यावे.

व्यसनांत वयाचा प्रभाव आणखी ठळक आहे. केनेथ केंडलर यांच्या गटाने व्हर्जिनियातील जुळ्या पुरुषांकडून त्यांच्या दारू, तंबाखू व गांजा यांच्या सेवनाचा वर्षवार इतिहास गोळा केला. कोवळ्या वयात सेवन करणे-न करणे मुख्यतः घर आणि परिसर यांवर अवलंबून होते. पुढे जनुकांचा वाटा वाढत गेला आणि प्रौढपणी घराचा प्रभाव जवळजवळ पुसला गेला. मूल मोठे होते तशी संगत आणि सवयी स्वतः निवडते. त्या निवडीत स्वभाव उतरतो आणि स्वभावात जनुके. पंधराव्या गुणसूत्रावरील एका जनुकरूपामुळे धूम्रपान करणाऱ्यांच्या रोजच्या सिगारेटी वाढतात. ज्याने सिगारेटला हातच लावला नाही, त्याच्या बाबतीत हा परिणाम दिसायला वावच नसतो.

जनुकांचा परिणाम परिस्थितीनुसार बदलतो, याचा सर्वांत बोलका पुरावा जपानमधला आहे. पूर्व आशियातील अनेकांत एएलडीएच२ या विकराचे दुबळे रूप असते. दारूपासून तयार होणारे ॲसिटाल्डिहाइड त्यांच्या शरीरात साचते, चेहरा लाल होतो, छाती धडधडते, मळमळते. साहजिकच अशी माणसे कमी पितात. पण दारूच्या व्यसनावर उपचार घेणाऱ्या जपानी रुग्णांत या दुबळ्या रूपाची एक प्रत असलेले लोक १९७९ मध्ये २.५ टक्के होते, ते १९९२ मध्ये १३ टक्के झाले. तेरा वर्षांत जनुके बदलत नाहीत; पिण्याचा सामाजिक आग्रह बदलतो, आणि त्याने निसर्गाने दिलेले कवच भेदले.

२०२२ पर्यंत स्किझोफ्रेनियाशी संबंधित २८७ जनुकीय स्थाने सापडली. अशा स्थानांची बेरीज करून जोखमीचा गुणांक काढता येतो, पण एका व्यक्तीचे भविष्य सांगण्याइतका तो अचूक नाही. शिवाय त्यामागची माहिती मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांची असल्याने भारतीयांबाबत तो अधिकच कच्चा ठरतो. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेत एकापेक्षा जास्त रुग्ण असलेल्या कुटुंबांचा दीर्घकालीन अभ्यास चालू आहे. सीवेदा या प्रकल्पात देशातील सात केंद्रांवर ६ ते २३ वर्षे वयाच्या मुला-तरुणांची पाहणी झाली आहे.

आपल्याकडे स्थळ मोडेल या भीतीने घरातला आजार लपवला जातो आणि मग डॉक्टरांनाही तो कळत नाही. कुटुंबात मनोविकार किंवा व्यसन असेल, तर ते डॉक्टरांना मोकळेपणाने सांगावे, आणि अशा घरातील मुलांना दारू, तंबाखू व गांजा यांपासून निदान पौगंडावस्था संपेपर्यंत कटाक्षाने दूर ठेवावे.